सवाष्णीचा पाट

विनोदिनीने तिसऱ्यांदा पाट पुसला आणि पुन्हा दाराकडे पाहिले. केळीचे पान मांडून झाले होते. शेजारी तबकात हिरव्या बांगड्या, खण, कुंकवाची कुयरी आणि शेवंतीची वेणी. सगळे कसे जागच्या जागी होते. जिच्यासाठी मांडले होते ती तेवढी आली नव्हती.

“अहो वैद्यबुवा, सूर्य डोक्यावरून कलला,” ओसरीवरून गुरुजी म्हणाले. “सवाष्ण कुठं अडकली?”

“येतील,” गंगाधर म्हणाला.

त्या दिवशी अविधवा नवमी होती. गंगाधरची आई नवऱ्याच्या आधी, भरल्या कपाळाने गेली. तेव्हापासून दरवर्षी पितृपक्षातल्या या दिवशी तिच्या श्राद्धाला एक सवाष्ण जेवायला सांगायची, असा नेम होता. सवाष्ण पाटावर बसली, तिने कुंकू लावले, पोटभर जेवली, की आईच जेवून गेली असे घर धरून चालत असे. ती जेवली नाही तर श्राद्ध अपुरे. यंदा शरच्चंद्र वकिलांच्या बायकोला, क्षमाला आमंत्रण होते. तिचा होकारही मोठ्या मिनतवारीने मिळाला, कारण वाईत आता या घराची पायरी चढायला लोक भीत होते. समोरच्या पारावर साध्या कपड्यातला एक शिपाई दिवसभर विड्या ओढत बसायचा आणि घरात कोण गेले, कोण आले ते बघायचा.

गेल्या साली ऑगस्टात ‘चले जाव’चे रान पेटले तेव्हापासून वाईतून पाच माणसे नाहीशी झाली होती. कोणी विचारलेच तर घरचे सांगत, मामाकडे गेलाय. गावाला एवढे मामा आहेत हे आधी कुणाला ठाऊकच नव्हते! पाचांतले दोघे तुरुंगात निघाले. एकाचे प्रेत आषाढात कृष्णेच्या पुरात धोमच्या खाली सापडले आणि त्याला पुराने मारले की माणसांनी, हे कोणी मोठ्याने विचारले नाही. उरलेल्या दोघांतला एक होता नारायण मास्तर. गंगाधरचा धाकटा भाऊ, विनोदिनीचा नवरा.

कार्तिकात एका सकाळी तो खांद्यावर पंचा टाकून नदीवर आंघोळीला म्हणून गेला, तो गेलाच. आज दहा महिने झाले. विनोदिनी चोवीस वर्षांची होती. तिचा सगळा जीव थोरल्या दिराच्या तट्टावर टांगलेला असे. वैद्यकीच्या निमित्ताने गंगाधर खटाव-माणपर्यंत फिरे; त्याला कोणी फारसे अडवत नसे. महिन्यातून एकदा तो परत आला की पाय धुता धुता, तिच्याकडे न बघता म्हणे, “खुशाली आहे.” एवढेच. कधी वर एखादा शब्द, “ताकाची आठवण काढली.” मग ती आत जाऊन देवापुढे साखर ठेवी आणि पुढचा महिना रेटायला लागे.

मागच्या दारी पावले वाजली. विनोदिनी उठून गेली. क्षमा नव्हती. धुण्याभांड्याची हरणाबाई होती. धापा टाकत होती.

“वैनी, वकिलीनबाई यायच्या न्हाईत.”

“का गं?”

“वकीलसायब पहाटंधरनं घरात न्हाईत. आंथरून तसंच हाय, चपला बी दाराम्होरं हायती. मानूस तेवढा न्हाई. लय रडत्यात बया.”

विनोदिनीने मनात मोजले. आता सहा.

“काय म्हणाल्या?”

“म्हनल्या, वैनीस्नी सांग, माजं मलाच ठावं न्हाई, मी सवाशीन म्हनून कशी बसू?”

हे सगळे ओसरीवर ऐकू गेले. गुरुजींनी पळी खाली ठेवली. पारावरचा शिपाई खोकला, तेही आत ऐकू आले.

“पान गाईला घालू,” गंगाधर म्हणाला.

“गाईला?” गुरुजी म्हातारे होते, भुकेले होते आणि शास्त्राच्या बाबतीत भलतेच हट्टी होते. “घरात सवाष्ण नसती तर गाईला घातलं असतं. घरात धडधडीत सवाष्ण असताना गाय कशाला? विनोदिनीबाई बसतील.”

“नको.”

गंगाधर इतक्या पटकन म्हणाला की गुरुजींना वाटले, त्याने ऐकलेच नाही.

“अहो, मी म्हणतोय विनोदिनीबाई...”

“ती घरची आहे. बाहेरची लागते.”

“अडचणीला घरची चालते. आपद्धर्म म्हणून काही आहे की नाही? मी सांगतोय ना!”

“नको म्हटलं ना गुरुजी!”

गंगाधरने आवाज चढवला होता. हा माणूस रोग्यावर कधी ओरडला नाही, पोलिसांनी घर उलथेपालथे केले तेव्हा त्यांना उसाचा रस पाजून वाटेला लावले त्याने. विनोदिनी दाराशी उभी होती.

स्वयंपाकघरातून आत्याबाई बाहेर आल्या. गंगाधरच्या वडिलांची बहीण. अंगावर विधवेचे लाल आलवण, पदराखाली तासलेले डोके, हातात खिरीचा डाव. श्राद्धाचा स्वयंपाक त्या सोवळ्यात एकट्याच करत, विनोदिनीला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू देत नसत.

“काय रे, काय झालं ओरडायला? गुरुजी खरं तेच बोलतायत. पोरीच्या नवऱ्याची खुशाली महिन्याच्या महिन्याला तूच आणतोस ना? मग अडलं कुठं?” आणि विनोदिनीकडे वळून त्या मायेने म्हणाल्या, “बस गं तू. कुंकू लाव आणि बस. तुझ्या सासूला तुझ्याइतकं गोड दुसरं कोण लागणार आहे?”

विनोदिनी पाटाशी आली. तिने कुयरी उघडली, करंगळीशेजारचे बोट कुंकवात बुडवले. मग तिची नजर गंगाधरकडे गेली.

तो तिच्याकडे बघत नव्हता. पाटाकडे बघत होता. त्याचे ओठ कोरडे पडले होते आणि पिंडांवर सोडायचे पळीतले पाणी त्याने तसेच धरून ठेवले होते.

आणि तिला मार्गशीर्ष आठवला. औषधे आणायला म्हणून तो सांगलीला गेला होता. चार दिवसांचे काम, पंधरा दिवस राहिला. आला तेव्हा ओठावर मिशी नाही, डोक्यावर शेंडीएवढेच केस. धर्मशाळेत उवा झाल्या म्हणून सगळे काढून टाकले, म्हणाला. आत्याबाई हसून हसून बेजार झाल्या होत्या. विनोदिनीही हसली होती. पदर तोंडाला लावून चांगली खळखळून हसली होती!

पोलिसांना बनवणारा, नऊ महिने तिला बनवणारा हा माणूस मेलेल्या आईला बनवू शकत नव्हता. विधवेला सवाष्ण म्हणून आईच्या पानावर बसवायला त्याची जीभ रेटत नव्हती.

तिचे बोट कुंकवातच राहिले. रडू आले नाही. राग मात्र आला, असा आला की तबक उचलून भिंतीवर मारावे. तिने आत्याबाईंकडे पाहिले. आत्याबाई एकोणिसाव्या वर्षी विधवा झाल्या. त्यांचे केस काढायला न्हावी आला तेव्हा सात वर्षांच्या गंगाधरने त्याची धोकटी उचलून विहिरीत टाकली होती. ही गोष्ट आत्याबाई स्वतःच हसत हसत सांगत. दुसऱ्या दिवशी न्हावी दुसरा वस्तरा घेऊन आला, हे सांगताना तेवढ्या हसत नसत.

“बस ना गं,” आत्याबाई म्हणाल्या.

“भावजी,” विनोदिनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “बसू ना मी?”

गंगाधरने मान वर केली. पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिले. नाही म्हणावे तर इथे, गुरुजींच्या देखत, आत्याबाईंच्या देखत तिचे कपाळ पुसले जाणार आणि संध्याकाळपर्यंत गावभर होणार. हो म्हणावे तर आईचे पान बाटणार.

“बस,” तो म्हणाला.

आणि त्याच्या डोळ्यांतून घळकन पाणी आले. गुरुजींना वाटले, आईची आठवण झाली. ते मान हलवून म्हणाले, “मातृश्राद्धाला येतंच डोळ्यांत पाणी.”

आता मात्र तिला शंका राहिली नाही. काही विचारण्यासारखे, कोणाची वाट बघण्यासारखे काही उरले नाही. तिने बोट तबकाच्या कडेला पुसले आणि कुयरीचे झाकण लावले. आत्याबाई खीर वाढायला पुढे सरकल्या तशी ती दोन पावले मागे झाली.

“मला शिवू नका, आत्याबाई.”

“म्हणजे?” मग त्यांच्या लक्षात आले. “अगं बाई! आत्ता? ऐन पान वाढायला? गणपतीत तर बसली होतीस बाहेर, मोदकांना हात नाही लागला तुझा. वीस दिवस नाही झाले!”

“चुकले असतील दिवस.”

“स्वयंपाकघरात तर नाही ना आलीस?”

“नाही. सकाळपासून इकडेच आहे.”

“नशीब माझं. पाटाला हात लावलास मेले! हरणे, तो पाट विहिरीवर टाक, धुवायचाय. पान बदला. गुरुजी, आता हो?”

“आता काय,” गुरुजी उसासा टाकत म्हणाले, “आता गाय. वैद्यबुवांच्या मनातच होती सकाळपासून.”

गंगाधरने पळीतले पाणी पिंडांवर सोडले. सगळे सोडले.

विहिरीकडच्या अंगाला एक अरुंद खोली होती. घरातल्या बायका महिन्याचे तीन दिवस तिथे दूर बसत. एक घोंगडी, एक तांब्या आणि वीतभर खिडकी. विनोदिनी आत जाऊन भिंतीला टेकून बसली. खिडकीतून गोठा दिसत होता. गुरुजी गाईपुढे पान ठेवताना दिसले. गाईने आधी वडे खाल्ले, मग खिरीकडे वळली.

गुरुजी जेवून, दक्षिणा घेऊन गेले. आत्याबाई भांड्यांच्या मागे लागल्या. तेव्हा उंबऱ्यापासून चार हातांवर पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आवाज आला. तांब्या ठेवणारा गेला नाही.

“कधी?” तिने आतून विचारले.

“मार्गशीर्ष वद्य एकादशीला.” गंगाधर इतक्या हळू बोलत होता की तिला दाराजवळ सरकावे लागले. “दहिवडीच्या पलीकडं, मेंढरांच्या वाड्यात. दादासो धनगराने मला सांगलीच्या वाटेवर गाठलं. रोगी आहे म्हणाला, कोण ते बोलला नाही. मी गेल्यावर बघतो तर...”

“काय झालं होतं?”

“थंडीत उघड्यावर राहून छाती भरली होती. चार दिवस काढे दिले, लेप दिले. मला वाटलं, उठवीन. शंभरदा असे रोगी उठवलेत मी, विनोदिनी. हा नाही उठला.”

“जवळ कोण होतं?”

“माझ्या मांडीवर डोकं होतं.”

बाहेर हरणाबाई राखेने पाट घासत होती. तिचा खरखर आवाज तेवढा येत राहिला.

“काही म्हणाले?”

“तुला सांगायचं नाही म्हणाला. आत्याचं नाव घेतलं आणि म्हणाला, दादा, विनोदिनीची तशी गत नको, तिला सांगू नकोस.”

विनोदिनीने डोळे मिटले.

“मग मला कधी सांगणार होतात?”

“सांगणारच नव्हतो.”

“जन्मभर?”

“जमलं असतं तेवढं.”

“गंगाधरा!” आत्याबाईंची हाक आली. “तिथं काय उभा राहिलायस? बाहेरच्या बाईशी काय बोलणं? ये इकडं, दोन घास खा, सकाळपासून उपाशी आहेस.”

त्याची पावले दूर गेली. विनोदिनीने हात लांबवून तांब्या आत घेतला आणि दार लोटले. तीन दिवस आता तिला कोणी शिवणार नव्हते, तोंड का उतरलेय म्हणून विचारणार नव्हते. तिने ओल्या हाताने कपाळ पुसले. तळव्याकडे न बघता हात घोंगडीला पुसला, पदराचा बोळा दातांत धरला आणि मग ती रडली.

रडता रडताही तिला ठाऊक होते की चौथ्या दिवशी पहाटे आत्याबाई विहिरीवर तिच्या डोक्यावरून पाणी ओततील, लुगडे पुढे करतील आणि नेहमीसारखे म्हणतील, “आधी कुंकू लाव गं, मग घरात ये.”