अर्धा ग्रॅम

आमच्या प्रयोगशाळेत चुकीचं उत्तर येतच नाही. गेल्या वर्षीची वही समोर ठेवून यंदाची लिहायची, मग चुकणार कसं? सर हुशार आहेत. मुलांचा वेळ वाचवतात आणि स्वतःचाही. मी तिथली मदतनीस. बाटल्या विसळायच्या, वजनकाटा पुसायचा आणि दर एक तारखेला ‘सर्व साहित्य तपासले’ या ओळीखाली सही ठोकायची. तपासायचं नंतर, जमलं तर.

सगळी शाळा मला मावशी म्हणते, पण खरी भाची एकच, सातवीतली. तिला विज्ञान शिबिराला जायचं होतं. वर्गातून एकच जागा, तीही प्रात्यक्षिकाच्या गुणांवर. त्यापायी वर्षभर तिने माझं डोकं खाल्लं होतं.

परीक्षेआधी सराव होता. बाटलीत व्हिनेगर, कागदाच्या पुडीत खाण्याचा सोडा. आधी सगळ्याचं एकत्र वजन करायचं. मग पुडी आत टाकून लगेच झाकण घट्ट लावायचं आणि फेस निवला की पुन्हा वजन. दोन्ही वेळा सारखंच भरायला हवं. तिचं अर्धा ग्रॅम कमी भरलं.

"आधी होतं तेच लिही," सर म्हणाले.

"पण सर, काटा कमी दाखवतोय."

"पुस्तकापेक्षा तू शहाणी?"

"पुस्तक बरोबरच आहे, सर. काही नाहीसं झालेलं नाही, झाकणातून वायू निसटलाय. मघाशी फुस्स आवाज येत होता. बाटली बदलून द्या ना, मी परत करते."

सर माझ्याकडे वळले. "काय मावशी, बाटल्या तपासल्यात ना?"

झाकणाला तडा होता. मला ठाऊक होतं. पण सही माझी होती आणि मला पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, हे सरांच्या हातात होतं.

"हो सर, सगळ्या ठीक आहेत," मी म्हणाले. जीभ जराही अडखळली नाही, याचीच मला जास्त लाज वाटते.

"हिचं नेहमी काहीतरी वेगळंच," सर म्हणाले आणि वर्ग खिदळला. तिने एकदाच माझ्याकडे बघितलं. मग आकडा खोडून सर म्हणाले तो लिहिला.

परीक्षेत तोच प्रयोग आला. तिच्या उत्तरात आधीचं आणि नंतरचं वजन दशांशापर्यंत सारखं. सरांनी तिथल्या तिथे गुण दिले, वीसपैकी वीस! शिबिराची जागा तिला मिळाली. सरांनी पाठ थोपटली, मीही चारचौघींत मिरवून घेतलं.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर बाटल्या विसळायला घेतल्या. तिच्या टेबलावरची बाटली कोरडी ठणठणीत होती. शेजारी सोड्याची पुडी, उघडलेलीसुद्धा नाही. ती माझ्यासोबत घरी यायला दारात थांबली होती.

"अगं, प्रयोग केलाच नाहीस?"

"केला असता आणि पुन्हा कमी भरलं असतं तर?" दप्तर खांद्यावर चढवत ती म्हणाली. "तुला परत खोटं बोलावं लागलं असतं."