नऊ गायींची खूण

मी एक जुना, आखूड पात्याचा सुरा आहे. माझे टोक तुटलेले आहे, मूठ केव्हाच कुजून गेली आहे आणि पात्यावर गंजाचे पापुद्रे आहेत. पण मित्रांनो, साडेतीनशे वर्षांपूर्वी, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीत, खाडीकाठी माझे काम लोक लांबून ओळखत.

माझे काम गुरांचे कान चिरण्याचे. आमच्याकडे गुरांना गोठा नसे. सगळ्यांच्या गायी दलदलीतल्या गवतात एकत्र चरत आणि कोणती कोणाची हे कानावरून ठरे. प्रत्येक घराची खूण वेगळी असे आणि ती कचेरीतल्या पुस्तकात लिहून ठेवलेली असे.

मला घेतले बास्तियानने. त्याला अंगोलातून जहाजात कोंबून आणले होते आणि हॅलेट नावाच्या तंबाखूच्या मळेवाल्याने विकत घेतले होते. तेव्हा कायद्याचा फास अजून पुरता आवळला नव्हता. थोरला हॅलेट त्याला म्हणाला होता, "माझं काम उरकलं की तुझं तू पिकव, तुझी गुरं तू पाळ." बास्तियानने दिवसा तंबाखू खुडली, संध्याकाळी स्वतःचा मका लावला, आणि मका देऊन एक कालवड आणली. तिच्यासाठी लोहाराकडून मला घेतले.

पहिल्याच दिवशी मी दगडावर पडलो आणि माझे टोक उडाले. मला वाटले, संपले आता. पण बास्तियानने तसेच कालवडीच्या डाव्या कानात खाच पाडली आणि त्या तुटक्या टोकामुळे खाचेच्या तळाशी बारीक वाकडी शेपटी उमटली. तो हसला. "बरं झालं. ही खूण दुसऱ्या कोणाला जमायची नाही." कचेरीतल्या कारकुनाने ती त्याच्या नावावर लिहून घेतली. त्या दिवशी मी फार फुशारलो होतो.

कालवडीच्या गायी झाल्या. अकरा गायी हॅलेटला देऊन बास्तियान मोकळा झाला. त्याची बायको ग्रासिया मात्र अजून हॅलेटकडेच होती. बास्तियान म्हणे, "बाप मोकळा, म्हणजे पोरंही मोकळी." ग्रासियाला दिवस गेले आणि तेवढ्यात कायदा आला, की मूल आईचे धरायचे. आई गुलाम तर मूलही गुलाम. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी फिलिपा जन्मली.

"गायी आहेत ना अजून," बास्तियान म्हणाला.

त्याने लेकीला चर्चमध्ये नेऊन बाप्तिस्मा दिला, कारण ख्रिस्ती माणसाला गुलाम ठेवता येत नाही असे पुष्कळ जण म्हणत. काही वर्षांनी कायदा आला, की बाप्तिस्म्याने गुलामाची सुटका होत नाही.

"म्हणजे पोरीचं डोकं तेवढं ओलं झालं," ग्रासिया म्हणाली.

"गायी आहेत ना."

मग चर्चच्या दारात आणखी एक कायदा वाचून दाखवला गेला. आफ्रिकेच्या माणसाने काठी, तलवार, कोणतेही हत्यार जवळ बाळगायचे नाही आणि गुलामाने चिठ्ठीशिवाय मालकाच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचे नाही. त्या दिवशी मी बास्तियानच्या कमरेवरून धुराड्याच्या फटीत गेलो आणि फक्त कान चिरण्यापुरता बाहेर येऊ लागलो.

मित्रांनो, हे सगळे एका दिवसात झाले असते तर कदाचित सगळे उठून उभे राहिले असते. पण एकेक कायदा येई, मध्ये चारदोन हंगाम जात, आणि माणसाला वाटे की आता एवढ्यावर भागेल.

एका कडक हिवाळ्यात निम्मी गुरे मेली. ग्रासियाही गेली. बास्तियानने अंथरूण धरले तेव्हा फिलिपाला लहान मुलगी होती, टेमर. तो म्हणाला, "तुझं माझ्याच्यानं नाही झालं. पोरीचं तरी कर." त्याच्या गायी फिलिपाकडे आल्या आणि म्हाताऱ्या हॅलेटने शब्द दिला, "नऊ गायी झाल्या की टेमर तुझी."

फिलिपाचा हात बापापेक्षा हलका होता. वासराला कळायच्या आत खाच पडून जाई. गोरे शेजारीसुद्धा म्हणत, "असा कान चिरणारी बाई पाहिली नाही बुवा." आयुष्यात तिचे एवढे एकच कौतुक झाले आणि ते माझ्यामुळे झाले, याचा मला गर्व होता.

म्हातारा हॅलेट वारला आणि मळा त्याच्या मुलाकडे, धाकट्या हॅलेटकडे गेला. मग कायदा आला, की सुटका झालेल्या गुलामाला सहा महिन्यांत वसाहतीबाहेर घालवायचे. टेमर तेव्हा नऊ वर्षांची होती.

"माय, मग मी कुठं जायचं?"

"खाडीच्या वरच्या अंगाला. तिथंही गायी असतात."

"आणि तू?"

"इथली गुरं कोण बघणार मग?"

फिलिपा चुलीकडे वळली. मला फटीतून तिचा चेहरा दिसत होता, टेमरला दिसत नव्हता.

पुढच्या वर्षी नववी गाय मोठी झाली आणि त्याच वर्षी नवा कायदा आला. गुलामाची खूण असलेली गुरे मालकाने स्वतःच्या खुणेखाली घ्यावीत, नाहीतर ती जप्त होऊन चर्चकडे जातील. धाकटा हॅलेट दारात आला. "नऊ झाल्या म्हणे. चांगल्या सांभाळल्यास. आता माझ्या."

"धनी, या माझ्या बाच्या गायी. बा मोकळा माणूस होता. पुस्तकात लिहिलंय."

"चल तर. बघू तुझं पुस्तक."

फिलिपाने मला फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवले. खूण जुळवून दाखवायची वेळ आली तर साक्षीदार हवा ना.

कारकून वयस्कर होता, वाईट नव्हता. त्याने पाने उलटली. "आहे. बास्तियान, मोकळा. डावा कान, खाच, तळाला शेपटी." त्याने चष्मा काढला. "मोकळ्या माणसाची खूण असेल तर हा कायदा कसा लागेल, मिस्टर हॅलेट?"

फिलिपाने टोपलीची कडी घट्ट धरली होती. तेवढ्यात कारकुनाने सहज विचारले, "पण बास्तियानला जाऊन सात वर्षं झाली. मग यांचे कान कोणी चिरले?"

ती गप्प बसली असती तर! पण तिने मला टोपलीतून काढले. "मीच की. याच सुऱ्यानं. बघा ना, शेपटी जुळते. बाची वाकडी यायची, माझी नीट येते."

मला कचेरीत सगळ्यांसमोर दाखवले म्हणून क्षणभर मी फुगलोसुद्धा. त्याची लाज मला अजून वाटते.

कारकुनाने लेखणी खाली ठेवली. "कशाला बोललीस, बाई?"

"ऐकलंत ना?" हॅलेट म्हणाला. "गुलाम बाईची खूण. वर सुरा घेऊन कचेरीत आलीय."

दुसऱ्या दिवशी त्याने मलाच उचलले आणि खूण असलेले डावे कान मुळापासून कापायला सुरुवात केली. त्याला सवय नव्हती. मी घसरत होतो, गाय हंबरत होती, रक्त त्याच्या बाह्यांवर उडत होते. दोन कान झाले. तिसऱ्या गायीने फिलिपाकडे मान वळवली.

"द्या इकडे," फिलिपा म्हणाली. "दुखतंय त्यांना."

उरलेले सात कान तिने स्वतः कापले. एकही गाय ओरडली नाही. काम झाल्यावर तिने मला गवतात टाकून दिले. टेमरने मला उचलून परकराच्या ओच्यात लपवले.

टेमर सुटली नाही. ती त्याच मळ्यावर वाढली, आणि पुढे तिची मुलेही.

काही दिवसांनी फिलिपाने खाडीची माती आणून एक वाडगा केला. तो ओला असतानाच पालथा घातला आणि माझ्या तुटक्या टोकाने तळाशी खाच पाडली, शेपटीसकट.

"याचं काय करू?" टेमरने विचारले.

"पेज खा यातून. आणि खाली काय आहे ते कोणाला दाखवू नकोस. मी दाखवलं तेवढं पुरे झालं."

मग तिने मला चुलीच्या दगडाखाली पुरले. ते घर पडले, मळा मोडला, मी मातीतच राहिलो.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कोणाचे काहीतरी काढून घेणारा कायदा दारात वाचला जात असेल आणि तो तुम्हाला लागू नसेल, तर एवढ्यावर भागेल असे म्हणून घरी जाऊ नका. तिथे थांबा आणि विचारा. आणि कधी जमीन खणताना फुटक्या वाडग्याचा तळ हाती लागला, त्यावर बारीक शेपटीची खाच दिसली, तर माती हलक्या हाताने झाडा. ती खूण टेमरची आहे.