पाटल्यांची लगड

माझ्या लग्नाला तीन आठवडे होते तेव्हा आईनं हातातल्या पाटल्या मोडायला दिल्या. त्रेसष्टचा जानेवारी होता. तुळजापुरात गुंडप्पा सोनाराच्या शेगडीपुढं ती स्वतः बसली आणि सोन्याचं पाणी होईपर्यंत उठली नाही. ओतल्यावर बोटाएवढी लगड झाली. तिच्यातून मला चार बांगड्या व्हायच्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी रेडिओवर हुकूम आला. चौदा कॅरेटच्या वरचा दागिना घडवायचा नाही. अंगावरचे दागिने असू द्या, बाकीचं सोनं सरकारला लिहून द्या.

गुंडप्पा लगड फडक्यात बांधून घरी आला. "वैनी, आता ह्यात तांबं घालावं लागंल. न्हाय तर मला आत टाकतेत."

"परवा माझ्या हातात काय होतं?"

"पाटल्या होत्या की."

"मग?"

त्यानं फडकं तिच्यापुढं ठेवलं आणि तो उठला.

सोनं लिहून द्यायचा फॉर्म इंग्रजी होता. मार्तंडकाका शाळेत इंग्रजी शिकवायचे, तेच भरायला बसले. शब्द सापडला तसे खुलले. "बुलियन. मूळ फ्रेंच, वहिनी. अर्थ उकळणं. वितळवून ओतलेलं सोनं-रुपं. म्हणजे आपली लगड."

"उकळलं की ते माझं राहत नाही?"

"तुमचंच आहे. दागिना राहिला नाही, एवढंच."

"भाऊजी, तुमच्या चहातलं दूध उकळलेलं आहे. ते दूध नाही का? पाटल्या लिहा."

"खोटं लिहिलं तर माझी नोकरी जाईल."

"मग लिहा काय ते उकळलेलं. तांबं पडणार नाही."

मी रडले, भांडले. तांब्याच्या का होईना, बांगड्या हव्या होत्या मला. आई हलली नाही. मी काचेचा चुडा भरून बोहल्यावर उभी राहिले. पाठवणीला तिनं लगड माझ्या ओटीत घातली. सासूबाईंनी ती उचलून पाहिली. "हे कुठं घालतात म्हणे?"

 आईची मोकळी मनगटं सगळ्यांनी पाहिली. त्या घरात कितीतरी वर्षं मला 'लगडवाली' म्हणत. आईला मी त्याबद्दल माफ केलं नव्हतं.

कायदा गेला तेव्हा आई नव्हती. माझी सून म्हणते, आता तरी त्या लगडीच्या बांगड्या करा. मी म्हणते, ज्यानं तो हुकूम काढला त्यानं आईच्या पाटल्या आधी आणून द्याव्यात. ते सोनं पुन्हा शेगडीवर जाणार नाही.