एकेचाळीस मोकळे दिवस

माझा भाऊ इझेल याच्या अठरा ते सव्वीस या वयातले फक्त एकेचाळीस दिवस मोकळे गेले. बाकीची सगळी वर्षं तुरुंगात. आणि त्याला नडले ते हेच एकेचाळीस दिवस. तुरुंगातल्या वर्षांबद्दल सरकारची काही तक्रार नाही.

मी चिडून सांगते आहे, हे आधीच कबूल करते. आमची आई म्हणायची, नीटाच्या जिभेला ब्रेक नाही. नसेल. घरात ब्रेक लावून बसणारा एक होताच, त्याचं काय झालं ते मी पाहिलंय.

गावाबाहेर जिथे पूर्वी कापूस होता तिथे कॅटफिश माशांची तळी आहेत, आणि तळ्यांपलीकडे मासे सोलायचा कारखाना. तुरुंगातून सुटल्यावर इझेलला दारात उभं केलं ते त्या एकाच जागेने. सतरा वर्षं तो तिथल्या ओल्या फरशीवर सुरी घेऊन उभा राहिला. परदेशातून स्वस्त मासा यायला लागला आणि गेल्या ऑगस्टमध्ये कारखाना बंद पडला. तोवर त्याच्या बोटांची वाट लागली होती. सकाळी ती उघडत नाहीत, आधी गरम पाण्यात धरावी लागतात. सुरी आता त्याच्याच्याने धरवत नाही, पण स्टिअरिंग धरता येतं.

म्हणून ट्रकचा वर्ग. कारखान्यातून काढलेल्यांना काउंटीचं, म्हणजे आमच्या जिल्ह्याचं, रोजगार केंद्र चार आठवड्यांचं ट्रक चालवायचं शिक्षण फुकट देणार होतं. पास झालं की मालवाहू कंपन्या लगेच घेतात, जुना गुन्हा असला तरी. पंचेचाळीस वर्षांचा माझा भाऊ महिनाभर माझ्या स्वयंपाकघरात पुस्तक घेऊन बसला. मी भांडी घासता घासता प्रश्न विचारायची, तो उत्तरं द्यायचा. शिकाऊ परवान्याच्या लेखी परीक्षेत त्याचा एकच प्रश्न चुकला. डॉक्टरचा दाखला मिळाला. वर्ग सोमवारी सुरू होणार होता. त्याआधीच्या मंगळवारी आम्ही फाइल घेऊन केंद्रात गेलो.

टेबलामागे जनेल टॉलिव्हर बसली होती. चर्चमधल्या रविवारच्या शाळेत ती माझ्या हाताखाली होती, त्यामुळे मी निर्धास्त होते. तिने एकेक कागद पाहून बाजूला ठेवला.

"आता एकच राहिलं, मिस्टर गेटवूड. सैन्याच्या नोंदणीचा नंबर."

"मी सैन्यात नव्हतो, मॅडम," इझेल म्हणाला.

"जायचं नसतं. नुसतं नाव द्यायचं असतं. अठरा पूर्ण झाले की प्रत्येक पुरुषाने. उद्या मोठं युद्ध लागलं आणि माणसं कमी पडली तर बोलवायला."

"बरं. मग आता देतो."

"आता घेत नाहीत. सव्विसाव्या वाढदिवसाला यादी बंद होते. आणि नाव नसेल तर हे शिक्षण मिळत नाही."

माझं डोकं फिरलं. "अगं जनेल, याला युद्धावर नेऊन काय करणार? मासे सोलायला? याची बोटं बघ. आणि याने बंदुकीला हात लावायचा नाही, असं त्याच सरकारने जन्मभरासाठी लिहून दिलंय. सशाची शिकारसुद्धा करता येत नाही त्याला!"

"मिस नीटा, नियम मी नाही केला."

"ठाऊक आहे. दहा आज्ञा मीच शिकवल्या तुला. त्यात हा नव्हता."

जनेल बिचारी लाल झाली. मग काहीतरी आठवून पुढे झुकली. "थांबा. तुरुंगात असलेल्यांना माफ आहे. त्या वयात तुम्ही सलग आत होता ना?"

आता इथे कुणीही शहाणा माणूस हो म्हणाला असता. पण माझ्या भावाला खरं बोलायचा रोग आहे.

"मध्ये एकेचाळीस दिवस बाहेर होतो. पॅरोलवर."

जनेलने संगणकावर काहीतरी शोधलं आणि तिचा चेहरा पडला. "सुटल्यापासून तीस दिवसांत नोंदवायचं असतं. तीसच्या आत परत आत गेला असतात, तर काही प्रश्न नव्हता."

म्हणजे अकरा दिवस जास्त मोकळा राहिला, हा त्याचा गुन्हा. मी बोलायला तोंड उघडलं, तर इझेलने टेबलाखालून माझा गुडघा दाबला.

"एक वाट आहे," जनेल हळू आवाजात म्हणाली. "लिहून द्यायचं की माहीत नव्हतं, जाणूनबुजून टाळलं नाही. सोबत त्या वेळी तुमच्यावर देखरेख असलेल्या कुणाचं तरी पत्र. गुरुवारपर्यंत आणा. वरचे लोक बसून ठरवतात, आणि बहुतेक वेळा मान्य करतात." मग तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तुम्हाला माहीत नव्हतं. हो ना, मिस्टर गेटवूड?"

इझेलने कागद परत फाइलमध्ये लावायला घेतले.

"नव्हतं," मी म्हणाले.

त्या एकेचाळीस दिवसांचं सांगायला हवं. इझेल सतराव्या वर्षी आत गेला. बरोबरच्या पोरांनी दुकान लुटलं आणि हा बाहेर गाडीत बसला होता. एकविसाव्या वर्षी पॅरोलवर, म्हणजे उरलेली शिक्षा अटींवर बाहेर काढायला, सुटला तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि आईची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि ते केंद्र शेजारच्या काउंटीत. न्यायला कुणी नाही. चर्चची व्हॅन कधी यायची, कधी नाही, आणि नाही आली की आई फुगून कुशीवर पडून राहायची. पॅरोलची अट अशी की लेखी परवानगीशिवाय काउंटीची हद्द ओलांडायची नाही. परवानगीला दोन आठवडे लागणार होते. इझेलने मामाची जुनी ब्यूइक गाडी काढली आणि आईला नेऊ लागला.

अठ्ठाविसाव्या दिवशी पुलावर पोलिसाने गाडी अडवली. हाताला पट्टी बांधलेली आई शेजारी बसलेली. पोलिसाने नाव लिहून घेतलं आणि सोडलं. इझेलला कधीही उचलून नेतील म्हणून आम्ही रोज वाट पाहत बसायचो. कुणी आलं नाही. सदतिसाव्या दिवशी आई गेली. तिला पुरलं त्याच्या दुसऱ्या सकाळी पॅरोलचे अधिकारी मिस्टर हॅस्क्यू स्वतः आले. टोपी काढून बसले, शेजारणीने आणलेल्या केकचा तुकडा खाल्ला, आणि इझेलला घेऊन गेले. उरलेली शिक्षा सहा वर्षांची होती. सरकारी कागद सावकाश चालतात म्हणून आईच्या वेळी तो घरी होता, असं मी चोवीस वर्षं समजत होते.

बुधवारी आम्ही हॅस्क्यूंकडे गेलो. गोरा माणूस, आता चौऱ्याऐंशीचा, एकटाच राहतो. पुढच्या ओसरीवर पातेलं मांडीत घेऊन चवळीच्या शेंगा सोलत बसला होता. इझेलला त्याने लगेच ओळखलं, आमच्या आईच्या नावासकट.

"ओझेलाचा मुलगा! बस, पोरा. तूही बस गं. गार चहा आत फ्रीजमध्ये आहे, घ्या आपापला."

आम्ही सगळं सांगितलं. म्हातारा ऐकताना शेंगा सोलायचा थांबला.

"पोलिसाचा कागद मला एकोणतिसाव्या दिवशीच आला होता," तो म्हणाला. "त्याच दिवशी वर पाठवायचा असा नियम. मी ड्रॉवरमध्ये टाकला. तुमच्या आईचं संपेपर्यंत. मग नंतरची तारीख घातली आणि पाठवला."

मी मनात दिवस मोजले. त्याने नियम पाळला असता तर इझेल तीस दिवसांच्या आत परत गेला असता, येत्या सोमवारी वर्गात बसला असता. आणि आई चर्चच्या व्हॅनची वाट बघत मेली असती. या माणसाचे पाय धरावे की त्याला शिव्या द्याव्या, मला कळेना.

"तर साहेब, एक पत्र हवं होतं," मी म्हणाले. "की याला नोंदणीचं कुणी सांगितलं नव्हतं."

"सांगितलं नव्हतं?" म्हातारा ताठ झाला. "मी प्रत्येक पोराला सांगायचो! सुटताना कागद वाचून दाखवायचो, सही घ्यायचो. नववा मुद्दा. एकही पोरगा चुकवला नाही मी. काय रे?"

"हो साहेब," इझेल म्हणाला. "सांगितलं होतंत."

मी कपाळाला हात लावला.

हॅस्क्यूंनी आतून कागद आणला आणि तासभर लिहीत बसले. अक्षर अजून नेटकं. मग मोठ्याने वाचून दाखवलं: मी याला नोंदणीचं सांगितलं होतं आणि याने सही केली होती. पण हा मरणाऱ्या आईची रोज सेवा करत होता. याला बाहेर मी ठेवलं, दोष माझा आहे. माझ्या हाताखालून शेकडो गेले, इतका सच्चा माणूस मी पाहिला नाही.

"पहिली ओळ काढा ना साहेब," मी अक्षरशः हात जोडले. "तेवढी एकच."

"पोरी, एकतीस वर्षं नोकरी केली मी. कागदावर खोटं एकदाच लिहिलं, ती तारीख. ते तुझ्या आईसाठी. दुसऱ्यांदा मला नाही जमणार."

गाडीत बसल्या बसल्या मी इझेलला म्हणाले, "फाडून टाक. नुसतं 'माहीत नव्हतं' लिही. म्हाताऱ्याला कोण विचारायला येतंय?"

"मला माहीत होतं, नीटा. नोंदणीचं कार्ड भरून माझ्या खिशात होतं. पोस्टात टाकायचं राहिलं. आई डायलिसिसमधून सुटायची तोवर पोस्ट बंद."

"मग राहिलं असं लिही! विसरलो असं लिही! देवाशपथ, इझेल, तुझ्या अंगात काय आहे? जगात सगळे खोटं बोलून गाड्या चालवतायत आणि तू खरं बोलून चालत फिरणार?"

तो बोटं चोळू लागला. "सतराव्या वर्षी कोर्टात मी खरंच म्हणालो होतो, मला माहीत नव्हतं ते आत काय करतायत. कुणी मानलं नाही. पण आईला घेऊन पूल ओलांडला तो माहीत असून. परत आत जावं लागणार हे माहीत असून. सगळ्या जन्मात तेवढं एकच मी समजून केलंय. त्याच दिवसांबद्दल आता 'मला काही माहीत नव्हतं' म्हणू?"

"त्यांनी ते विचारलेलंच नाही! त्यांनी कार्डाचं विचारलंय!"

"दिवस तेच आहेत," तो म्हणाला.

पत्र मी त्याच्या हातातून ओढून घेऊ शकले असते. पुष्कळदा वाटतं, घ्यायला हवं होतं. गुरुवारी त्याने ते जनेलला दिलं, सोबत स्वतःच्या अक्षरात दोन ओळी. माहीत होतं. आई आजारी होती. जनेलने वाचलं आणि आमच्याकडे न बघता शिक्का मारला. शुक्रवारी उत्तर आलं. अर्जदाराला नोंदणीची माहिती होती असं त्याच्याच निवेदनावरून व जोडलेल्या पत्रावरून दिसते, सबब अपात्र. जोडलेलं पत्र म्हणजे तोच म्हातारा, ज्याला वाटत होतं आपण पोराची रदबदली केली.

रविवारी चर्चहून आल्यावर इझेल माझ्याकडे जेवायला होता. हॅस्क्यूंचा फोन आला. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून इझेलने फोनचा आवाज मोठा केला होता, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं.

"काय झालं रे पोरा? पत्राचा उपयोग झाला?"

मी ताटं तशीच हातात धरून उभी राहिले. सांग त्याला, मी मनात म्हणत होते. इतकं खरं बोलतोस, तर आता बोल. त्यालाही कळू दे त्याच्या नेटक्या अक्षराने काय केलं ते.

"झाला साहेब," इझेल म्हणाला. "फार झाला. उद्यापासून वर्ग आहे."

"बघ! मी म्हटलं नव्हतं? खरं लिहिलं की होतं." म्हातारा हसला. "त्या ड्रॉवरचं माझ्या मनात होतं रे. इतकी वर्षं. बरं झालं. पहिली फेरी कुठे मारणार?"

"पुलावरून साहेब. पलीकडच्या काउंटीत."

फोन ठेवून तो जागचा हलला नाही. मी गरम पाण्याचं भांडं त्याच्यापुढे ठेवलं आणि त्याने दोन्ही हात आत बुडवले.

"उद्या कुठे दुकानात भेटले आणि त्यांनी विचारलं," तो म्हणाला, "तर तूही हेच सांग."

"सांगेन," मी म्हणाले.