चार नंबरची पट्टी

एक नंबर : व्यासपीठ

हा पाळकांचा माईक. पाळक हळू बोलतात आणि वाक्याच्या शेवटी त्यांचा श्वास संपतो, म्हणून यांची पट्टी कायम थोडी वर. साउंडवाल्याला हे झोपेतही जमतं. चर्चच्या मागच्या भिंतीशी त्याचं टेबल, टेबलावर मिक्सर, मिक्सरवर सरकत्या पट्ट्या, एकेका माईकची एकेक. वर ढकलली की आवाज सभागृहात जातो, खाली ओढली की जात नाही. आठवडाभर तो लग्नं, उद्घाटनं आणि निवडणुकीच्या सभा करतो. रविवारी इथे, फुकट. सगळीकडे नियम एकच : बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, दिव्यांकडे बघायचं. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे ओरडतोय. काय बोलतोय, हा आपला विषय नाही. या नियमावर त्याचं बरं चाललं होतं.

या रविवारी मात्र उपासना सुरू होण्याआधीच मामा टेबलाला खेटून उभा राहिला.

दोन नंबर : ऑर्गन

ऑर्गन वाजत होता, म्हणून मामाला भाच्याच्या कानाशी तोंड आणावं लागलं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, शिवाय चर्चचा सेक्रेटरी.

"आज ताईच्या हातात माईक गेला की तू तो बंद करायचास."

"कोणाच्या? आईच्या?"

"मग काय, माझ्या बहिणी रांगेने बसल्यात का इथे? बॅटरी गेली म्हण."

गोष्ट अशी होती. सीमेवर युद्ध चालू होतं आणि साउंडवाल्याचा धाकटा भाऊ तिथे खंदकात होता. या चर्चची एक रीत होती : प्रवचन झालं की फिरता माईक बाकाबाकावरून जायचा. ज्याला प्रार्थना करायची त्याने उभं राहून करायची आणि मंडळीने "ऐक, प्रभू" म्हटलं की बसायचं. म्हटल्याशिवाय बसायचं नाही. गेल्या रविवारी आईने धाकट्यासाठी प्रार्थना केली, तेव्हा लोकांनी डोळे पुसले. मग त्याच दमात तिने पलीकडच्या सैनिकांसाठीही केली. कोणीतरी ते फोनवर टिपलं आणि संध्याकाळपर्यंत शहरभर झालं. दुसऱ्या दिवशी चर्चच्या फाटकावर काळ्या रंगात 'घरभेदी' लिहिलेलं होतं. आणि आज निवडणुकीला उभा राहिलेला पुढारी येणार होता, सैनिकाच्या आईला फुलं द्यायला, फोटोवाल्यासकट.

"मामा, तिलाच सांग ना."

"ताईला? लहानपणी तिला म्हटलं होतं, त्या झाडावर चढू नकोस, तर जेवणाचा डबा घेऊन चढली. आणि आता तर तिला अर्धंच ऐकू येतं. ते अर्धं कोणतं, हे ती ठरवते."

साउंडवाल्याला हसू आलं. मामाला आलं नाही.

"दात काढू नकोस. पुढारी गाडीत बसून जाईल. दगड पडेल तो या काचांवर. त्या काचेखाली लहान मुलांचा वर्ग भरतो. देवाला माईकशिवाय ऐकू येतं ना? मग झालं तर."

मामा काही वाईट माणूस नव्हता. फाटक त्याने एकट्याने घासून काढलं होतं, कोणाला मदतीला न बोलावता.

"बघतो."

"बघू नकोस. कर."

तीन नंबर : गायिका

आज बंद. गायिका सर्दीने घरी. वाचलेला वेळ पाळकांनी प्रवचनाला जोडून घेतला.

चार नंबर : फिरता माईक

पुढारी दुसऱ्या बाकावर बसला होता, मांडीवर फुलांचा गुच्छ, चेहऱ्यावर सभ्य कंटाळा. मामा पहिल्या बाकाच्या टोकाला, पाठ ताठ. माईक फिरत फिरत आईकडे आला.

आईने उभं आयुष्य कापडगिरणीत मागावर काढलेलं. तिथल्या खडखडाटात कान गेले आणि ओठ वाचायची सवय लागली. तिथल्या सगळ्या बायका तशाच बोलायच्या, हॉलच्या या टोकावरून त्या टोकाला, आवाज न काढता. कानातलं यंत्र ती डबीत ठेवते, झिजू नये म्हणून. माईक ती धरते सूप ढवळायच्या चमच्यासारखा, तोंडापासून लांब. म्हणून तिची पाळी आली की साउंडवाला हेडफोन लावून आधी तिचा अंदाज घेतो आणि मग पट्टी वर ढकलतो. इतक्या वर्षांची सवय. आजही हात आपोआप गेला, हेडफोन कानावर चढले, चार नंबरखालचं ऐकायचं बटण दाबलं गेलं.

मग त्याने पट्टी खाली ओढली. पार तळाला. नजर दिव्यांवर.

चार नंबर : सभागृहात

काही नाही. आईचे ओठ हलत होते. पंखा फिरत होता. पुढारी थोडा पुढे झुकला, मग फोटोवाल्याकडे बघून मागे टेकला.

चार नंबर : हेडफोनमध्ये

तो एक गोष्ट विसरला होता, जी त्याच्या धंद्यातलं शेंबडं पोरही विसरत नाही : पट्टी खाली असली तरी हेडफोनमध्ये ऐकू येतच राहतं. आई थेट त्याच्या दोन कानांच्या मध्ये बोलत होती.

"देवबापा, मी परत आले. धाकट्याचं तुला ठाऊकच आहे, ओल्या मोज्यांत त्याला झोप येत नाही, बघ काहीतरी. समोर जो त्याच्यावर नेम धरून बसलाय, त्याचेही मोजे ओलेच असतील. त्यालाही झोप लागू दे. दोघांना एकाच वेळी लागू दे, म्हणजे कोणी कोणाला मारायचं नाही. त्याची आई माझ्यासारखीच फोनकडे बघत बसली असेल. तिला आधी फोन येऊ दे, मला नंतर आला तरी चालेल. हे फुलंवाले साहेब दमलेले दिसतात, त्यांना घरी लवकर जाऊ दे. माझ्या भावाला फार भीती वाटते, लहानपणापासून वाटते, त्याचा हात सोडू नकोस. आणि थोरल्याच्या डोक्यावर आहेत तेवढे केस तरी राहू देत. आमेन."

आईने माईक खाली घेतला आणि मंडळीच्या उत्तराची वाट बघत उभी राहिली.

कोणी काही म्हणेना. म्हणणार काय, कोणाला काही ऐकूच आलं नव्हतं. आई एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. सगळी तोंडं मिटलेली. तिने बाकाची पाठ धरली. गुडघे दुखतात तिचे. पण रीत म्हणजे रीत, म्हटल्याशिवाय बसायचं नाही.

साउंडवाल्याने दिव्यांवरून नजर काढली आणि आईकडे बघितलं. एवढ्या भरल्या हॉलमध्ये तिने काय मागितलं, हे त्याला एकट्यालाच माहीत होतं. पट्टी आता वर ढकलून उपयोग नव्हता, बोलणं तर होऊन गेलं होतं.

पाच नंबर : चेक, चेक

हा टेबलावरचा त्याचा स्वतःचा माईक. या माईकवर आजवर "चेक, चेक" याखेरीज एक शब्द गेला नव्हता. त्याने पाचची पट्टी वर केली.

"माईक बंद होता," तो म्हणाला. सगळी डोकी मागे वळली, ते बघून आईही वळली. "आईने काय प्रार्थना केली, ते सांगतो."

आणि त्याने सांगितलं. पाठ केल्यासारखं नाही, अडखळत. ओले मोजे सांगितले. समोरच्या खंदकातला सांगितला, तेव्हा एक जोडपं उठून बाहेर गेलं. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला, मग काय वाटलं कोण जाणे, परत वर घेतला. पलीकडच्या आईचा फोन सांगितला. मामाच्या भीतीपाशी त्याची जीभ अडली. मामा एकटाच मागे वळला नव्हता, त्याची फक्त मान दिसत होती, आणि ती लाल झाली होती. तेही सांगितलं. राहिले केस. ते गाळले असते तर कोणाचं काही बिघडलं नसतं. त्याने तेही सांगितलं. मुलांच्या बाकावर खसखस पिकली.

"आमेन," तो म्हणाला.

"ऐक, प्रभू," पाळक म्हणाले, नेहमीपेक्षा जोरात. मग इकडून तिकडून काही जण. सगळे नाही. पुढारी आपल्या गुच्छाकडे बघत होता.

आई तरीही बसली नाही. ती पुढे वळली आणि मामाकडे बघत उभी राहिली. मामाने जरा वेळ भिंतीकडे बघितलं. मग मान वळवली. त्याचे ओठ हलले. आवाज निघाला की नाही, हे शेजारच्यालाही कळलं नाही, पण आईला ओठ पुरले.

ती बसली.

सगळ्या पट्ट्या खाली

फुलं द्यायची राहून गेली. पुढाऱ्याच्या पुढच्या सभेला दुसरा साउंडवाला होता. आणि बुधवारी काच फुटली, मुलांच्या वर्गाच्या वरचीच. वर्ग तेव्हा भरलेला नव्हता.

मामा शिडीवर चढून पुठ्ठा ठोकत होता, साउंडवाला खिळे देत होता, आई शिडी धरून उभी होती.

"सांगितलं होतं मी!" मामा वरून ओरडला.

"काय म्हणतोय?" आईने विचारलं.

साउंडवाला तिच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाला, "म्हणतोय, शिडी घट्ट धर."

"घाबरट मेला," आई म्हणाली आणि तिने दुसरा हातही लावला.

"आई, बॅटरी गेली नव्हती. मीच बंद केला होता माईक."

"माहीत आहे. बॅटरी गेली की तू धावत येतोस. त्या दिवशी जागचा हलला नाहीस." तिने त्याच्या डोक्याकडे बघितलं. "आणि केसांचं चारचौघांत कशाला सांगितलंस?"

"तूच तर मागितलंस."

"तुझ्याकडे मागितलं होतं का?"

वरून मामाने हात खाली केला. साउंडवाल्याने त्यावर खिळा ठेवला.

धाकट्याचा फोन अजून आला नव्हता. आईने एप्रनच्या खिशातून मोबाईल काढून बघितला आणि परत ठेवला.

"तिला आला असेल," ती म्हणाली.