पाहुण्यांची खिरापत

न्यूझीलंडमधल्या लोअर हटला मुलाकडे राहणाऱ्या सुशीलाबाईंचा हात पार्कातल्या अंधारात पडून मोडला. दिव्यांसाठी कौन्सिलने कर्ज काढावं का, यावर टपालाने मतदान होणार होतं. कर्जाविरुद्ध प्रचार करणारा शेजारी ब्रायन भर सभेत त्यांना म्हणाला, "पाहुण्यांना मत नसतं." बाई तिथल्या कायमच्या रेसिडेंट होत्या, नियमाने मत त्यांनाही होतं.

नवरात्रात त्यांनी भोंडल्याला चाळीस बायका बोलावल्या. "मताचं पाकीट आणलं नाही, तर खिरापत नाही!" फेर संपल्यावर सगळ्या गाणी म्हणत टपालपेटीपर्यंत गेल्या.

कर्ज एकोणीस मतांनी मंजूर झालं. पहिला दिवा नेमका ब्रायनच्या बेडरूमसमोर लागला. त्याच दिवशी सुशीलाबाईंनी त्याच्या दारात उभं राहून बंद डबा खुळखुळवला.

"ओळख बघू, पाहुण्यांनी काय आणलंय?"