पौडचा उपविजेता

“चौदा-नऊ,” अव्वल कारकून पानसे यांनी उंच स्टुलावरून जाहीर केलं आणि तपकिरीची चिमूट नाकात सारली. “तिसरा गेम. सर्व्हिस ढमाले.”

जयसिंग ढमालेनं बॅडमिंटनचं फूल हातात घेऊन त्याची पिसं अंगठ्यानं सारखी केली. आता एक गुण. तो मिळाला की महालकरी कचेरीतल्या फलकावर ‘विजेता’ या शब्दाखाली त्याचं नाव लागणार होतं. तसं नाव फलकावर होतंच, स्पर्धा सुरू झाली त्या सालापासून होतं. पण उजव्या बाजूला, ‘उपविजेता’ या शब्दाखाली. उजवीकडून डावीकडे जायचं अंतर वीतभर. ते कापायला त्याला बारा वर्षं पुरली नव्हती.

कोर्ट कचेरीच्या मागच्या अंगणात होतं. दर आठवड्याला शेणानं सारवलेलं, रेघा चुन्याच्या, आणि नेट मुळशीच्या तळ्यावरच्या एका कोळ्याकडून विणून घेतलेलं. त्यातून मासा सुटला नसता, पण फूल अधूनमधून सुटे. समोर गुरांचे डॉक्टर आगटे उभे होते. पंचविशीचे, नुकतेच पौडला आलेले, घामानं निथळत असलेले. महालकऱ्यांची खुर्ची रिकामी होती. अक्षरशः रिकामी, शिपायानं ती पुढच्या रांगेत मधोमध मांडली होती आणि तिच्यावर बसायची कोणाची छाती नव्हती.

मुळशीला तेव्हा मामलेदार नसे, महालकरी असे. काम तेच, पगार कमी, आणि म्हणून रुबाब जास्त. पहिले फणसळकर साहेब बावन्न साली पुण्याहून येताना दोन रॅकेटी घेऊन आले आणि प्रजासत्ताक दिनाची वार्षिक स्पर्धा त्यांनी सुरू केली. ती त्यांनीच जिंकली. पुढची दोन वर्षंही त्यांनीच जिंकली. मग त्यांची बदली झाली, शेजवळ साहेब आले, आणि स्पर्धा शेजवळ साहेब जिंकू लागले. त्यांच्यामागून इनामदार साहेब आले. त्यांना दमा होता; तरीही पुरुष एकेरीचं अजिंक्यपद त्यांनी सलग तीन वर्षं राखलं. चौथे दातार साहेब चष्म्याशिवाय नेट बघू शकत नसत आणि चष्मा लावून खेळत नसत. तेही जिंकले. कोणा इतिहाससंशोधकानं पुढेमागे तो फलक वाचला, तर बॅडमिंटनमधलं प्रावीण्य हे सरकारी हुकुमानं एका माणसाकडून दुसऱ्याकडे वर्ग होतं, अशी त्याची खात्री पटेल.

जयसिंग जवळच्याच भरे गावचा. घरची भाताची खाचरं, मॅट्रिक झालेला, कचेरीत कारकून. लहानपणी भाताची राखण करताना गोफणीनं पाखरं उडवून त्याच्या खांद्याला आणि नजरेला एक जोड बसली होती. फणसळकर साहेबांना खेळायला कोणी तरी हवं होतं, म्हणून त्यांनी त्याच्या हातात दुसरी रॅकेट दिली. महिन्याभरात त्यानं साहेबांना पंधरा-दोननं हरवलं. साहेबांनी पाठ थोपटली, शाबास म्हणाले, आणि सोमवारी जयसिंगचं टेबल रेकॉर्डाच्या खोलीत गेलं. तिथं उजेड नव्हता. त्याच आठवड्यात त्याच्या वेल्ह्याच्या बदलीची भाषाही सुरू झाली. वेल्ह्याला गेला असता तर भऱ्याची शेती वाऱ्यावर गेली असती. वडील अंथरुणाला खिळले होते आणि पाठीला भाऊ नव्हता.

तेव्हा पानशांनीच त्याला बाजूला घेतलं होतं. “अहो ढमाले,” ते म्हणाले, “साहेबांबरोबर खेळायचं असतं. साहेबांविरुद्ध कोण खेळतं?”

तिथून जयसिंग हरायला शिकला. हरणं सोपं असतं असा जिंकणाऱ्यांचा समज असतो. नुसतं हरून चालत नाही. साहेबांना घाम यावा लागतो, मंडळींना धाकधूक वाटावी लागते. त्यासाठी उपांत्य फेरीपर्यंत जयसिंग कोणाला सोडत नसे. फौजदार, ओव्हरसियर, शाळेचे ड्रिलमास्तर, सगळ्यांना तो कापून काढी आणि अंतिम सामन्यात साहेबांसमोर एक तोलामोलाचा खेळाडू हजर करी. मग तिसऱ्या गेमला चौदापर्यंत जायचं आणि थांबायचं. तिथून साहेबांनी मुसंडी मारायची, बरोबरी साधायची. चौदा-चौदा झालं की जो आधी चौदावर पोचला त्याला गेम आणखी तीन गुणांनी वाढवायचा हक्क असे. तो हक्क जयसिंग दरवर्षी नको म्हणे, कारण तोवर साहेबांना धाप लागलेली असे. एक गुण आणि टाळ्या. साहेब येत गेले, जात गेले; जयसिंगची बदली मात्र कोणी काढली नाही. भात वेळेवर लावलं गेलं आणि वेळेवर कापलं गेलं. हरण्याचा त्याला तोटा झाला असं कोणाला म्हणता आलं नसतं.

भऱ्यात याचा अर्थ वेगळाच झाला होता. त्याचा चुलता कुशाबा एकदा उताऱ्यासाठी कचेरीत गेला आणि फलक वाचून आला. गावात त्यानं सांगितलं की जयसिंग कचेरीत उपविजेता हाय, आन् लई वर्सं त्येच पद सांभाळतोय. गावाला उपसरपंच माहीत होता. आधीचा सरपंच वारला तेव्हा उपसरपंच हैबतरावाकडे आपोआप चार्ज आला होता. तेव्हा उपविजेता म्हणजे विजेत्याच्या खालचा माणूस, विजेता गेला की त्याच्या जागी बसणारा, हे सरळच होतं. प्रत्येक बदलीला गाव विचारी, “औंदा तरी चारज मिळतुया का?” आणि जयसिंग म्हणे, “नवा सायेब आला.” गाव हळहळे. त्यानं ही समजूत कधी दुरुस्त केली नाही. दुरुस्त करायला गेलं तर खरं काय ते सांगावं लागलं असतं.

आणि पासष्ट साली जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात दातार साहेबांची बदली झाली. नवे साहेब फेब्रुवारीत येणार होते. स्पर्धेच्या इतिहासात प्रथमच विजेत्याची जागा रिकामी होती. भऱ्यात बातमी पोचली तेव्हा कुशाबानं परड्यातला झेंडू तोडायचा नाही अशी बायकांना ताकीद दिली.

सव्वीस तारखेला सकाळी रंभाबाईनं त्याच्या कॅनव्हासच्या बुटांना खडू फासला. नवरा दरवर्षी हरतो हे तिला ठाऊक होतं. का हरतो हेही ठाऊक होतं. गावाला तिनंही सांगितलं नव्हतं.

“आज कुनाचं मन राखू नगा,” ती म्हणाली.

“आज हायेच कोन मन राखाया?” जयसिंग म्हणाला, आणि सायकलवर बसून पौडला गेला.

पहिला गेम त्यानं हसतखेळत घेतला. दुसऱ्यात वाऱ्यानं दगा दिला. तिसऱ्यात त्यानं आगट्यांना कोर्टाच्या चारही कोपऱ्यांत पळवलं आणि चौदा-नऊवर आणून ठेवलं.

त्यानं सर्व्हिस केली. आगट्यांनी घाईनं फूल उचललं. ते नेटच्या जवळच उंच उडालं आणि सावकाश खाली येऊ लागलं. असं फूल जयसिंगनं फौजदाराला दिलं असतं तर फौजदारानंही मारलं असतं. त्यानं हात उगारला. आणि कोपरापासून पुढचा हात, कोणी न सांगता, सवयीनं, किंचित सैल पडला. फूल जाळ्याच्या वरच्या दोरीला लागलं आणि त्याच्याच बाजूला पडलं.

मंडळी हसली. त्यांना वाटलं ही ढमाल्यांची नेहमीची गंमत आहे.

ती गंमत नव्हती हे फक्त जयसिंगला कळलं होतं. पुढचं फूल त्यानं दात आवळून मारलं. ते रेघेबाहेर हातभर गेलं. त्यानं पाय घट्ट रोवले, तर खांदा आखडला. दोनदा सर्व्हिस परत त्याच्याकडे आली आणि दोन्ही वेळा त्यानं ती नेटमध्ये घातली. उपांत्य फेरीत कालच त्यानं पंधरावा गुण डोळे मिटून घेतला होता. पण हा अंतिम सामना होता, आणि अंतिम सामन्यात चौदाच्या पुढचा रस्ता त्याच्या हाताला माहीतच नव्हता. दहा, बारा, तेरा. चौदा-चौदा.

“वाढवायचा का?” पानशांनी विचारलं.

“नको,” जयसिंग म्हणाला. तोंडातून शब्द गेल्यावर त्याला प्रश्न कळला.

पुढचा गुण आगट्यांनी घेतला. टाळ्या पडल्या, पण जरा उशिरानं. लोकांनी आधी रिकाम्या खुर्चीकडे पाहून घेतलं. पानसे स्टुलावरून उतरले, जयसिंगच्या जवळून जाताना हळूच म्हणाले, “सवय फार वाईट हो,” आणि हिशेबाच्या कपाटातून कप आणायला गेले.

आगटे मात्र आनंदात दिसत नव्हते. ते नेटपाशी आले. “ढमाले, खरं सांगा. तुम्ही मला सोडलंत ना?”

“नाही डॉक्टर. हरलो.”

“सगळं पौड सांगतं, तुम्ही ठरवून हरता. माझ्याशी कशाला ते? मी काही साहेब नाही.” त्यांचा आवाज दुखावलेला होता. “मला तो कप नको अशानं.”

“डॉक्टर, शपथ घेतो. जिंकायलाच खेळत होतो.”

आगट्यांनी मान हलवली आणि ते रॅकेट बगलेत मारून दवाखान्याकडे चालू लागले. जयसिंग बारा वर्षं खोटं हरला होता आणि ते सगळ्यांनी खरं म्हणून चालवून घेतलं होतं. आज तो खरा हरला, तर ते पटवून घ्यायला कोणी तयार नव्हतं.

दिवस मावळायच्या सुमाराला तो भऱ्यात शिरला. मारुतीच्या पारावर माणसं जमली होती. कुशाबाच्या हातात मनगटाएवढा जाड झेंडूचा हार होता. सायकलवरून उतरायच्या आतच त्यानं तो पुढे केला.

“नाना, थांब,” जयसिंग म्हणाला. “मी हारलो.”

कुशाबानं हार तसाच धरून ठेवला. “हारलास? आरं, सायब तर गेला न्हवं? मंग हारलास कुनाला?”

“गुरांच्या डाक्टरला.”

“आपली म्हस बघाया येतुया, त्यो पोरगा?”

“व्हय.”

“त्येच्या हातात तुजं काय हाय?”

“काय न्हाई.”

चेष्टा करायचा कुशाबाचा हेतू नव्हता; त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. “मंग कशापायी हारलास?” त्यानं विचारलं.

हैबतराव म्हणाले की जाऊ द्या, वरनंच हुकूम आला आसंल. एवढं पुरलं. माणसं उठली. कुशाबानं हार सायकलच्या दांडीला अडकवला, कारण देवाला घालावा तर तो देवासाठी केलेला नव्हता.

घरी रंभाबाईनं हार काढून घेतला. भांडी आवरल्यावर तिनं एकच विचारलं, “खरंच हारला न्हवं?”

“व्हय.”

“मंग ज्येचं त्येला द्या. सकाळी त्या डागदराच्या गळ्यात घाला. समद्यांच्या देखत घाला, म्हंजी त्येला तरी पटंल.” तिनं हारावर पाणी शिंपडलं आणि तो ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला.

ही गोष्ट जयसिंगला पटली. बऱ्याच वर्षांत त्याला सकाळी कचेरीत जायची घाई झाली नव्हती, ती त्या दिवशी झाली. दवाखाना कचेरीच्या आवारातच होता. फाटकाशी सायकल लावून त्यानं फडकं सोडलं. फुलं रात्रीतून जराही सुकली नव्हती. आगटे दवाखान्याच्या पायरीवर उभे होते. त्यांनी जयसिंगला पाहिलं, त्याच्या हातातला हार पाहिला, आणि कशासाठी ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. कारण ते एक पायरी उतरले.

तेवढ्यात पानशांची हाक आली. कचेरीच्या दाराशी धुळीनं माखलेली जीप उभी होती आणि सगळा कर्मचारीवर्ग हात बांधून ओळीत उभा होता. नवे महालकरी आठवडाभर आधीच येऊन ठेपले होते, न कळवता. स्वागताची काहीच तयारी नव्हती. पानशांच्या कपाळावर घाम होता. तो जयसिंगचे हात पाहून ओसरला.

“वा ढमाले,” ते मोठ्यानं म्हणाले, “तुम्हाला बरी आधी खबर लागते. या, या, असे पुढे या. साहेब, हे ढमाले. आमचे बॅडमिंटनचे उपविजेते.”

“असं का?” नवे साहेब खूश होऊन म्हणाले. “मीही थोडंफार खेळतो.”

ओळ दुभंगली, वाट झाली. जयसिंगनं एकदा दवाखान्याकडे पाहिलं. पायरी रिकामी होती.

तो पुढे गेला. नवे साहेब अगदीच बुटके होते. हार घालायला त्याला चांगलंच वाकावं लागलं.